टेलर मास्तरांनी घेतलेले नौकेचे माप

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मरीना कार्यालय (नौका मोजणी व जागावाटप),
पहिला मजला, दोरखंडाच्या दुकानावर.

विषय : क रांगेतील नौका जागची हललेली नसताना तिची लांबी वाढल्याबाबत, आणि सरळ रेषेत फेरमोजणी होऊन जागा कायम राहण्याबाबत.

संदर्भ : १) आपली जागाबदलाची नोटीस. २) दुसऱ्या मोजणीनंतर आलेली तीच नोटीस, लाल शाईत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की,

१. अर्जदार ही फाटकापासून दुसऱ्या जागेवरील पांढऱ्या नौकेची मालकीण असून दातांच्या दवाखान्यात नोकरीस आहे. सदर नौका अर्जदाराच्या आईच्या हौसेची. आई गेल्यापासून नौकेचे इंजिन सुरू झालेले नाही, परंतु अर्जदाराचे वडील रोज सकाळी तिच्यावर येऊन बसतात. वडील व्यवसायाने शिंपी. हात थरथरू लागल्याने त्यांनी दुकान बंद केले, पण गळ्यातली टेप काही उतरवली नाही, आणि सबंध धक्का त्यांना मास्तर म्हणूनच ओळखतो. अर्जदार कामावर जाताना त्यांना सोडते व येताना घेऊन जाते. मधल्या वेळात फाटकावरचा रखवालदार त्यांच्याकडे लक्ष ठेवतो, कारण त्याला खुर्चीतून न उठता ते दिसतात.

२. आपल्या नियमानुसार नऊ मीटरपर्यंतच्या नौका क रांगेत लागतात व त्याहून लांब नौका बाहेरच्या तरंगत्या धक्क्यावर जातात. बाहेरच्या धक्क्याकडे जाणारी फळी ओहोटीच्या वेळी घसरगुंडी होते आणि धक्का स्वतः एका जागी उभा राहत नाही. वडील वॉकर धरून चालतात. ते तिथवर पोचणार नाहीत. अर्जदाराचे म्हणणे खरे तर एवढेच आहे. पुढील मजकूर माप कसे वाढले याच्या खुलाशापुरता आहे.

३. लांबी म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, बाहेर डोकावणाऱ्या प्रत्येक वस्तूसह, असा आपला नियम आहे. त्याबद्दल तक्रार नाही. मोजणीच्या दिवशी क रांगेत झेंड्यांच्या काठ्या उतरतात, शिड्या दुमडल्या जातात, पुढे आलेले दांडे कुठेतरी गडप होतात, आणि सगळ्या नौका अंग चोरून गुमान उभ्या राहतात. संध्याकाळी सगळे पुन्हा जागच्या जागी येते. अर्जदार कोणाची चुगली करू इच्छित नाही. सबंध रांग आखडलेली असताना एकच नौका वाढली, एवढेच तिला नमूद करायचे आहे.

४. पहिल्या मोजणीत नौका ९.२० मीटर भरली. आपल्या खिडकीवरील बाईंनी सांगितले, “नांगर आणि मागची शिडी धरली गेली असणार. काढा आणि परत मोजून घ्या.” त्याप्रमाणे अर्जदाराने दोन्ही काढून घरी नेले. नांगर सध्या स्वयंपाकघरात टेबलाखाली असून अर्जदाराच्या पायाची करंगळी त्याच्या चांगलीच ओळखीची झाली आहे. शिडी बाल्कनीत असून तिच्यावर टॉवेल वाळतात. यानंतर झालेल्या दुसऱ्या मोजणीत नौका ९.४० मीटर भरली. अर्जदाराने विचारले असता बाई म्हणाल्या, “ताई, होड्या वाढत नाहीत हे मलाही कळतं. पण कागदावर वाढलीय ना, मग वाढलीच म्हणायची.” बाईंचा यात काही दोष नाही. त्यांनी अर्जदाराला बसायला स्टूलही दिले.

५. अर्जदाराने सुटीच्या दिवशी नौकेच्या दोन्ही टोकांशी धक्क्यावर एकेक काठी उभी धरवून मधले अंतर सुतळीने घेतले, तेव्हा ते ८.८० मीटर आले. वडील त्या वेळी नौकेच्या आतल्या खोलीत डुलकी घेत होते. त्यानंतर रखवालदारास खोदून खोदून विचारता पुढील हकीकत उजेडात आली. आपले मोजणी कर्मचारी नौकेवर पाय ठेवत नाहीत, कारण त्यांना लगेच गरगरते. हे आजारपण आहे व त्याबद्दल अर्जदारास सहानुभूतीच आहे. ते धक्क्यावर उभे राहून टेपचे टोक नौकेवर असेल त्या माणसाच्या हाती देतात आणि तो सांगेल तो आकडा लिहून घेतात. अर्जदाराच्या नौकेवर दोन्ही वेळा मास्तर होते.

६. आता शिंप्याच्या हाती टेप आली की तो ती हवेत सरळ धरत नाही, अंगावरून नेतो. वडिलांनी काठाला धरून धरून, बसत उठत, नौकेच्या फुगलेल्या कुशीवरून टेप पार मागपर्यंत नेली. रखवालदाराच्या सांगण्यानुसार ते कर्मचाऱ्यांना म्हणाले, “पोटावरून माप घेतल्याशिवाय अंगाचा अंदाज येत नाही हो.” दुसऱ्या वेळी त्यांनी आणखी खुलासा केला, “माप घेताना गिऱ्हाईक श्वास रोखून पोट आत घेतं. मागच्या खेपेला हिनं तेच केलं असणार. या वेळी जरा सढळ धरतो.” कर्मचाऱ्यांनी मान डोलावली व आकडा लिहून घेतला.

७. आपण म्हणाल, मग वडिलांनाच का सांगत नाही? अर्जदाराने ते करून पाहिले आहे. जेवताना तिने आडून आडून विषय काढला की टेप कदाचित थोडी वळली असेल. वडिलांनी ताट पुढे सरकवले आणि म्हणाले, “माझं माप चुकलं असं आजवर एकाही गिऱ्हाइकानं तोंड वर करून म्हटलेलं नाही.” त्यानंतर त्यांनी अबोला धरला. आई गेल्यापासून वडील घरात तसेही फार बोलत नाहीत. नौकेवर मात्र बोलतात, रखवालदाराशी, शेजारच्या नौकांवरच्या लोकांशी, आणि कोणी नसले की आईशीही. अर्जदाराने हे स्वतः ऐकले आहे. तो आवाज ऐकू यावा म्हणून ती कधी कधी मुद्दाम दोन पावले मागे थांबते. तो आवाज बंद पडेल या भीतीने तिला झोप लागत नाही, हे अर्जात लिहिण्याची पद्धत नसली तरी लिहिणे भाग आहे.

८. सबब अर्जदाराचे म्हणणे असे की ९.४० हे माप चुकीचे नाही. ते पावसाळी आवरणाचे माप आहे. नौकेला अंगभर आवरण शिवायचे झाल्यास कापड नेमके तेवढेच लागेल. क रांगेतील निम्म्या नौकांची आवरणे वडिलांच्याच मापाने बेतलेली आहेत आणि एकाचेही टाके उसवलेले नाहीत. आपल्या कार्यालयाला मात्र नौका शिवायची नसून लावायची आहे, आणि त्यासाठी तिला मांडवासारखे सैल धरण्याची गरज नाही. हे वडिलांना न दुखावता आपल्या दप्तरी कसे नोंदवावे, ते आपणच ठरवावे. अर्जदाराची अक्कल येथे संपली.

९. फेरमोजणीच्या वेळी वडिलांना तिथून हलवणे हीच मोठी अडचण आहे. यावर रखवालदाराने एक तोड सुचवली आहे ती अशी : साहेबांनी स्वतः फाटकाशी येऊन मास्तरांकडे पँटचे माप द्यावे. तेवढ्या वेळात कर्मचाऱ्यांनी धक्क्यावरच उभे राहून, दोन काठ्या धरून, नौकेची लांबी सरळ घ्यावी. त्यांना गरगरणारही नाही. पँट कंबरेला थोडी ढगळ होईल. शिवणाऱ्याचा खर्च व पट्टा अर्जदाराकडून.

१०. पँटच्या कामास साहेबांना सवड नसल्यास, आणि ९.४० हाच आकडा कायम करावयाचा असल्यास, अर्जदाराची एकच विनंती राहते. आपल्या टेपचे एक टोक फाटकास बांधावे व दुसरे वडिलांच्या हाती द्यावे. त्यांना बाहेरच्या धक्क्याच्या दिशेने चालू द्यावे. घाई करू नये, हात देऊ नये. ते जिथे दमून थांबतील तिथे नौकेची जागा ठरवावी, मग ती कोणत्याही रांगेत येवो. अर्जदार सही करून देईल. मात्र कोणी बघत असले की वडील उसने अवसान आणून झेपेल त्याहून पुढे जातात. म्हणून ते चालत असताना साहेबांनी, कर्मचाऱ्यांनी आणि रखवालदाराने कृपया पाठ फिरवून उभे राहावे. अर्जदारही तसेच उभी राहील.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
मास्तरांची मुलगी, क रांग, फाटकापासून दुसरी नौका

दिनांक : नोटिशीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी

सोबत : १) दोन्ही नोटिसा. २) ८.८० मीटर सुतळी, गुंडाळी करून.