दोन तालुक्यांतली जीप

राहुरी,
१४ डिसेंबर

चि. ज्ञाना,
अक्काचा आशीर्वाद. पूजा आणि हर्षल बरे असतील असं धरून चालते.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. म्हणून कागद घेतला. निदान तू वाचून गप्प बसलास की न वाचताच, हे मला कळणार नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी बरी आहे. उसाला तोड आलीय, ट्रॅक्टरांनी मळ्याचा रस्ता पार उखडून ठेवलाय. माझे गुडघे होते तसेच आहेत. गोजरवहिनीने दोन शेळ्या घेतल्या, त्यातली एक खुशाल दादाच्या जीपवर चढून बसते. दादा तिला काही म्हणत नाही.

जीपचं निघालंच आहे तर लिहिते. परवा माझ्या सुनेनं, अश्विनीनं विचारलं, तुमच्या माहेरी वाटणी झाली तेव्हा गाडी कोणाला आली? मी म्हटलं, बॉडी थोरल्याला, इंजिन धाकट्याला. तिला वाटलं मी थट्टा करतेय. आता तिला काय सांगू, की अण्णांनी नगरच्या लष्करी लिलावातून आणलेली चांगली चालती जीप तुम्ही दोघांनी 'मला नाही तर त्यालाही नाही' म्हणत, पंचांच्या देखत चेनपुली लावून दोन जागी केलीत! पंचही धन्य, चहा पीत बघत बसले. आणि मी तरी कुठे कमी होते? हक्कसोडीवर सही केली तेव्हा तुम्ही साडी घेऊन आलात, तर मी म्हटलं, साडी नको, स्टेअरिंग द्या. म्हटलं, बघू आता कोण कसा चालवतो ते. तेव्हापासून ते माझ्या देवघराशेजारी खुंटीला होतं. येणारा-जाणारा विचारायचा.

तुला कोणी सांगितलं नसेल, पण दादानं एवढ्या वर्षांत बॉडीचं जे केलंय ते बघण्यासारखं आहे. दर सुगी झाली की एक काम. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, चासी घासून लख्ख केली, सीटा शिवून घेतल्या. बॉनेट उघडलं की आत मात्र मोकळं. श्रीरामपूरचा एक जण दुसरं इंजिन बसवून द्यायला तयार होता. दादा म्हणाला, "न्हाई. ती जागा ज्ञानाची हाय." तो माणूस चहा घेऊन गेला.

तुझंही कळतं मला. पूजा सांगते, बायकोवर चिडू नकोस. तिकडे अकोले तालुक्यात घरामागच्या शेडमध्ये इंजिन ताडपत्रीखाली आहे. जाम होऊ नये म्हणून तू त्याला अधूनमधून हँडल मारतोस. कार्बोरेटर कुठून कुठून शोधून आणलास. भंडारदऱ्याला येणारे हौशी लोक मागतात, तर त्यांना उभं करत नाहीस. म्हणजे तुम्ही दोघं एकच गाडी दुरुस्त करताय, दोन तालुक्यांत बसून! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुमच्याकडे बघूनच कोणीतरी म्हटलं असेल.

भाऊबीजेला मी स्टेअरिंग पिशवीत घालून मळ्यात गेले. म्हटलं, पुरे झाला आपला हट्ट, यंदा ओवाळणी मीच घालते. ओवाळून झाल्यावर ते दादापुढे धरलं. त्यानं दोन्ही हात पुढे केले, ते स्टेअरिंगच्या बाजूला, नुसतेच हवेत. मला वाटलं, गहिवरला असेल. मीही मेली रडतच होते. मग बाहेर येऊन तुझ्या नावानं चंद्राला ओवाळलं, दरवर्षीसारखं.

मागच्या आठवड्यात त्यानं बॉनेट रंगवलं. कोणाला ब्रशला हात लावू दिला नाही. झाल्यावर आम्हाला हाका मारून बोलावलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. अर्धं बॉनेट अण्णांच्या गाडीचं मळकट हिरवं, आणि अर्धं निळं. फाटकासाठी आणलेला निळ्याचा डबा शेजारीच होता.

"कसा आलाय?" त्यानं विचारलं.

"लई भारी झालंय," वहिनी म्हणाली.

मी म्हटलं, "अगदी अण्णांची गाडी."

तो हसला रे. मी घरी येईपर्यंत रिक्षात तोंडाला पदर लावून बसले होते.

आता शपथ मोडते. शुगरनं त्याच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेत. नगरला दाखवलंय, उपचार चालू आहेत. गेलंय ते परत येणार नाही आणि राहिलंय ते किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादानं वहिनीला बजावलं, "ज्ञानाला कळवायचं न्हाई. कीव येऊन येनार आसंल तर मला नको." वहिनीनं मला सांगितलं तेही शपथ घालूनच. त्या शपथेचं मी बघून घेईन.

मला काय हवंय ते सरळ लिहिते, आडून सांगायचं वय राहिलं नाही. त्याला दिसतंय तोवर त्यानं ती गाडी धावताना बघावी. औषधपाणी आम्ही करतोय. हे मात्र तुझ्याशिवाय कोणाच्या हातात नाही. इंजिन टेम्पोत घाल आणि ये.

आणि एक. आलास की कीव करू नकोस, डोळ्यांचं विचारू नकोस, पाया पडून रडारड तर अजिबात नको. आल्या आल्या बॉनेट बघ आणि 'हा काय रंग फासलाय' म्हणून भांड त्याच्याशी, पूर्वी भांडायचास तसा, आळी गोळा होईपर्यंत. आम्ही सगळे त्याच्याशी फार गोड बोलायला लागलोय. ते त्याला कळायला लागलंय.

तुम्हा दोघांची एकुलती एक बहीण,
केशर