प्रमोदिनी कर्णिक कोण?

डोंबिवली (पूर्व),
१२ फेब्रुवारी १९९१

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

काल संस्थेत माझ्या बढतीची मुलाखत झाली. मिळाली तर स्वतःची प्रयोगशाळा, नाही तर जन्मभर दुसऱ्याच्या टेबलाचा कोपरा. लग्नाआधी क्षयाच्या जंतूंच्या डीएनएवर मी लिहिलेला निबंध तुला आठवत असेल. तो छापून आला तेव्हा तू अख्ख्या नौपाड्यात पेढे वाटलेले. आजवर जगभरच्या दीडशेवर निबंधांनी त्याचा आधार घेतलाय. पण त्यावर नाव प्रमोदिनी कर्णिक, आणि नंतरचं सगळं काम सरोज गुप्तेचं. लग्नात तुम्ही सगळ्यांनी हौसेनं आनंदकडून तांदळाच्या ताटात माझं नवं नाव लिहवून घेतलंत आणि माझी दोन माणसं झाली! समितीचे अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, की या कर्णिकबाईंचं काम तुम्ही स्वतःचं म्हणून कसं दाखवता? मी म्हटलं, त्या मीच. तर पुरावा मागितला. बाकीचे हसले रे दादा. हसले!

आता ठाण्याच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र करायचंय. लग्नाआधीपासून ओळखणारं, शक्यतो माहेरचं माणूस साक्षीला हवं. आईबाबा नाहीत, तूच आहेस. येशील ना? वहिनीला नमस्कार.
तुझी,
प्रमोदिनी

ठाणे,
१६ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. सरोज हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र पोचले. राग नाकाच्या शेंड्यावर ठेवायची तुझी खोड काही जात नाही!

पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे बाबा सांगत ते खोटे नव्हे. लग्नाला नऊ वर्षे झाली. नवऱ्याने हौसेने ठेवलेल्या नावावरून आता कोर्टात जाणे बरे दिसेल का? तुझ्या सासूबाई, सुमतीबाई, काय म्हणतील? माहेरच्यांनी कान भरले असेच ना? एक निबंध गेला तर गेला. तू हुशार आहेस, आणखी लिहिशील. वहिनीने आवळ्याचे लोणचे घातले आहे, बरणी पाठवतो. आनंदरावांना नमस्कार. प्रकृतीस जपावे.
तुझा,
हरिहर

डोंबिवली,
२० फेब्रुवारी १९९१

दादा,
नमस्कार. लोणचं नको, सही हवी.

गेला तर गेला? ते जंतू किती सावकाश वाढतात माहितेय? त्यांना सणवार नसतो. त्यांच्यापायी तीन दिवाळ्या मी फराळाला घरी नव्हते, तेव्हा आई तुझ्यादेखत म्हणायची, की ही पोरगी जंतूंशीच लग्न लावणार. ते काम आता बेवारस म्हणून सोडून देऊ? सासरी नाव बदललं ते समजू शकते. माहेरी तुला कुणी बदलायला सांगितलेलं? पत्राच्या माथ्यावरही तू सरोजच लिहितोस! समिती परकी होती, तिचा राग आला. तुझं पत्र वाचून रडू आलं, आणि त्याचा राग जास्त आलाय.

सोमवारी, ४ मार्चला अकरा वाजता मी कोर्टाच्या फाटकाशी असेन.
प्रमोदिनी

डोंबिवली,
२५ फेब्रुवारी १९९१

श्री. हरिहरराव यांस,
स. न. वि. वि. सूनबाईनं तुमचं पत्र टेबलावर आपटलं, ते तिला विचारून मी वाचलं. त्यात माझं नाव पुढे करून तुम्ही अंग काढून घेतलंत, म्हणून हा कागद.

मी काय म्हणेन, ते मला न विचारता ठरवणारे तुम्ही कोण? आता म्हणते ते ऐका. सोमवारी तुम्ही आला नाहीत, तर साक्षीला मी उभी राहीन. तिला बघायला आम्ही तुमच्या घरी आलो, तेव्हा ही आमची प्रमोदिनी, असं तुम्हीच छाती फुगवून सांगितलं होतंत. कोर्टात ते सांगेन, आणि सख्खा भाऊ का आला नाही, तेही सांगेन. मग बरं दिसतं का ते तुम्हीच बघा.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. सोमवारी आलात तर तो आहेच.

आणखी एक. माहेरी माझं नाव तुळसा होतं. त्या नावानं मी काही लिहिलं नाही, कुणी कुठे छापलं नाही. मला तुळसा म्हणणारा शेवटचा माणूस माझा भाऊ होता, तो गेल्या वैशाखात गेला. ती तुळसा मीच होते, हे सांगायला आता कुणीच नाही. तुम्ही तर धडधाकट ठाण्यात बसला आहात.
सुमती गुप्ते