घाटमाथ्यावरची झोप

रत्नागिरी
४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. कमळामावशीस,
नम्रताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला नुसती घरघर ऐकू येते आणि मला ओरडून बोलायचं त्राण नाही, म्हणून लिहिते. तुझ्या कानावर आलंय ते खरं आहे. मी हॉस्पिटलातून लांबची रजा घेतलीय. आजारी नाही, भांडणही झालेलं नाही. सुई टोचताना मला समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा झाला होता, फक्त हात दिसायचा. अशा नर्सने थोडं लांब राहिलेलं बरं.

पहिले काही दिवस नुसती झोपून काढले. पण झोपून थकवा वाढतो, हे काही आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. मग एक दिवस स्कूटर काढली नि थेट आंबा घाट गाठला. वर टपरीवर चहा प्यायले नि परत आले. पुढच्या आठवड्यात अणुस्कुरा. तिथे गाडीरस्त्याच्या अंगाने जुनी दगडी पायवाट आहे. स्कूटर खाली लावून ती चढले. आता जमेल तेव्हा जाते. लांबचा पल्ला स्कूटरने आणि जुनी वाट पायी, असं ठरवलंय.

मजा येते का, असं तू विचारशील. मजा नाही गं. पण चढताना दम लागला की माणूस फक्त दमलेला असतो, बाकी काही उरत नाही. तेवढ्यासाठी जाते.

काकांची तब्येत कशी आहे? तुझी कंबर? तुझं ‘मी बरी आहे’ लिहू नकोस, खरं लिही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
नम्रता


दाभोळ
१३ नोव्हेंबर २०२४

चि. नम्रता हिस,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. शेजारच्या बायकांना वाटलं कोर्टाचं काही आलं. हल्ली पत्र कोण पाठवतो गो!

आपली जुनी माणसं घाट चढली ती पोटासाठी. डोक्यावर सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन वर जायची नि येताना धान्य आणायची. तू रिकाम्या हाताने चढतेस आणि रिकाम्या हाताने उतरतेस. शेजारच्या रघू मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, आता हीच फॅशन आहे. मी म्हटलं, आमची पोरगी फॅशनवाली नाही, ती दमलेली आहे. एकटी जातेस ते मात्र मला पसंत नाही. पाय घसरला तर कोणाला हाक मारशील? माकडांना?

हे आहेत तसेच. उजवी बाजू गेली ती गेली. एके काळी ह्यांनी नुसतं डोळ्याने खुणावलं तरी बोटीवरचे खलाशी धावायचे. आता तोंडातून एखादाच शब्द येतो, तोही धड नाही, आणि धावायला मी एकटी. सकाळी अंग पुसायचं, पेज भरवायची, कूस बदलायची, की दुपारची पेज. माझा लेक मितेश पोफळीहून महिन्यातून एकदा येऊन जातो. त्याची वीजप्रकल्पातली नोकरी पाळ्यांची, त्याला तरी काय बोलणार? माझी कंबर कमरेच्या जागी आहे.

तू रजा घेतलीस ते बरं केलंस. मी कोणाकडे अर्ज करायचा तेवढं कळव.

जेवत जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे, हे विसरू नको.
मावशी


रत्नागिरी
२ डिसेंबर २०२४

ती. सौ. कमळामावशीस,
नम्रताचा नमस्कार, या वेळी पाय पुढे करून. वि. वि.

आधी हे वाच: मी घरी आहे, धडधाकट आहे, फक्त डावा पाय प्लास्टरमध्ये आहे. आता रागाव.

देवरुखच्या पलीकडे एक जुनी वाट घाट चढते. लोक तिला मिठाची वाट म्हणतात. गाडीरस्ता झाल्यापासून तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. चढताना काही झालं नाही. उतरताना वाळलेल्या गवतावरून पाय सटकला आणि घोटा पायाखाली मुडपला. आवाज आला तेव्हाच मला कळलं की मोडलाय. फोनला रेंज नव्हती. बसल्या बसल्या ओढणीने पाय बांधला आणि तुझी माकडं आठवली.

बऱ्याच वेळाने घाटमाथ्यावरच्या वाडीतले धाकूबाबा म्हशी शोधत आले. पाय बघितला नि परत वर गेले. मला वाटलं, हे गेलेच. तर ते चार माणसं, एक वासा नि घोंगडं घेऊन आले. डोली केली. मी म्हटलं, मला धरा, मी एका पायावर उतरते. त्यातला रावजी नावाचा माणूस म्हणाला की ताई, तुम्ही गप पडून राहिलात तर आम्हाला कमी त्रास होईल.

मावशी, एवढी वर्षं मी पेशंटना हेच सांगत आले. पण उचलून नेताना कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. अनोळखी माणसांच्या खांद्यांना आपलं ओझं होतंय, त्यांच्या मानेवरचा घाम दिसतोय, आणि आपल्याला काहीच करता येत नाही. लाज वाटली. मग रडू आलं. पाय दुखतोय समजून ते बिचारे हळू चालायला लागले. पाय दुखत होता, पण रडू त्याचं नव्हतं. खालच्या गावात आल्यावर त्यांनी गाडी बघून दिली, पाणी प्यायले नि तसेच घाटाला लागले.

पाय टेकवता आला की मी दाभोळला येते. काकांजवळ मी राहीन, तू मितेशकडे जा. नाही म्हणू नकोस.

तुझ्या शिव्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
नम्रता


दाभोळ
११ डिसेंबर २०२४

चि. नम्रता हिस,
आशीर्वाद आणि दोन धपाटे.

तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हशी शोधायला आलेल्याला तू सापडलीस, तिथे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. त्या धाकूबाबांचं नि डोलीवाल्यांचं भलं होवो. ग्रामदेवतेला नारळ ठेवलाय.

तुझं येण्याचं मात्र मनातून काढ. हे माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाहीत. भाविका सून असून तिने भरवलं तर तोंड फिरवतात. आणि मी गेले नि मागे काही झालं तर? लोक काय म्हणतील ते सोड, मी मला काय म्हणेन? लग्न झाल्यापासून हे समुद्रात नि मी किनाऱ्यावर वाट बघत. आता घरात आहेत तर मी सोडून जाऊ?

एक लिहू का? परवा ह्यांची कूस बदलताना माझ्या मनात आलं की हे कधी संपेल. मग मीच हबकले, कारण संपेल म्हणजे काय, ते मला कळत होतं. कंटाळा आला म्हणायचीही मला चोरी आहे गो. तुला लिहिलं, दुसऱ्या कोणाला नाही. वाचून फाडून टाक.

पायाला जप. तिखट तेलकट खाऊ नको. प्लास्टरशी त्याचा काय संबंध असं म्हणशील, पण खाऊ नको.
तुझी मावशी


दाभोळ
२१ जानेवारी २०२५

ती. सौ. मावशीस, मु. पोफळी,
तुझ्याच ओट्यावर बसून नम्रताचा नमस्कार. वि. वि.

मितेशला मी फोनवर इथली खुशाली कळवली, पण तू माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय विश्वास ठेवणार नाहीस. मी काठी टेकत दारात येऊन उभी राहिले नि मितेश न्यायला आला, तेव्हा कुठे तुझं ‘नाही’ संपलं. आणि धोपाव्याची फेरीबोट सुटली तरी तू कठड्याला धरून घराकडेच बघत होतीस. फोटो काढायला हवा होता. लहान पोरीला बोर्डिंगात पाठवताना असं तोंड होतं.

खरं लिहायचं तर पहिला दिवस वाईट गेला. काकांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पेज हनुवटीवरून खाली. दुपारीही तेच. वॉर्डात असते तर नळी घालायचा विचार केला असता. संध्याकाळी मी वाटी बाजूला ठेवली आणि त्यांना सांगितलं की काका, मलाही चौघांनी उचलून आणलं, मलाही लाज वाटली. ते माझ्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने वाटीकडे बोट केलं. चार चमचे खाल्ले. मी त्यांचं तोंड पुसत होते, तेव्हा लक्षात आलं की मी त्यांचा चेहरा बघतेय.

आता बरं चाललंय. तुझ्यासारखी पेज होत नाही असं ते भुवईने सांगतात. काल शेजारच्या पोरांच्या मदतीने खुर्चीसकट जेटीवर नेलं. होड्या लागत होत्या. एकाने दोर चुकीचा बांधला तर काका ओरडले. शब्द कळला नाही, पण शिवी असावी, कारण सगळे खूश झाले.

माझा पाय संध्याकाळी सुजतो. मी फेब्रुवारीत कामावर रुजू होणार आहे, पण रात्रपाळी जमणार नाही असं कळवलंय. घेतील तर घेतील. थकवा गेलेला नाही, मावशी. फक्त आता तो मला ओळखीचा झालाय.

तू काय केलंस ते लिही. भाविकाच्या स्वयंपाकघरात भांडी घासत बसली असशील तर मला मुळीच सांगू नकोस.

तुझ्या घराची तात्पुरती मालकीण,
नम्रता


पोफळी
२५ जानेवारी २०२५

चि. नम्रता हिस,
मावशीचे आशीर्वाद. ह्यांनाही माझा नमस्कार सांग. असा कधी सांगितला नव्हता, हसतील.

पहिले दोन दिवस भांडीच घासली. तिसऱ्या दिवशी भाविकाने हातातून काथ्या काढून घेतला नि मितेशला म्हणाली, आईंना वर घेऊन जा. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले. कुंभार्ली घाटातली वळणं आली की डोळे मिटायचे. मितेश म्हणे ओरडून सांगत होता, बघ बघ, खाली कोकण दिसतंय. मला ऐकू आलं नाही आणि मी बघितलंही नाही. त्याची पाठ गच्च धरून होते.

माथ्याजवळ त्याने गाडी लावली आणि एक जुनी पायवाट दाखवली. म्हणाला, नम्रताताई असती तर या वाटेनेच उतरली असती. त्याच्या हाताला धरून थोडी चालले. पुढे एक सपाट कातळ आहे, त्यावर टेकले. समोर एवढं मोठं रान, खाली उन्हातली गावं, नि वारा. आता मात्र मी बघायला लागले. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? पण थोडा वेळ बघितलं आणि डोळे जड झाले. पदर डोक्याखाली घेतला नि तिथेच आडवी झाले.

नम्रता, मी झोपले. अशी झोपले की ऊन कातळावरून सरकून गेलं तरी कळलं नाही. जाग आली तेव्हा अंगावर मितेशचं जाकीट होतं आणि तो बाजूला बसून होता. मी त्याला ओरडले, एवढा वेळ का बसून राहिलास, उठवलं का नाहीस? तर म्हणाला की आई, मी तुला कधी झोपलेली बघितलंच नव्हतं. मी लहानपणी उठायचो तेव्हा तू उठलेली असायचीस नि मी झोपायचो तेव्हा तू जागी. मग दुसरीकडे बघत बसला. मीही दुसरीकडे बघितलं.

डोळे उघडल्यावर थोडा वेळ मी कुठे आहे, कोणाची कोण, काही आठवलं नाही. मग हे आठवले. नेहमी आठवतात तेव्हा छातीत धस्स होतं, काही राहिलं का, हाक मारली का. तसं झालं नाही. नुसते आठवले. लग्न झालं तेव्हा होते तसे, टोपी घातलेले.

परत आले की तीच पेज नि तीच कूस आहे, हे मला माहीत आहे. काही बदलायचं नाही. पण ठरल्या दिवशी मी येणार नाही गो. आणखी थोडे दिवस राहते. तुझा पाय सुजतो हे वाचूनही राहते, आणि त्याची लाज वाटते, तरी राहते. उद्या मितेशला सुट्टी आहे. पुन्हा वर ने म्हणून मीच त्याला सांगितलंय.

ह्यांची पेज अजून थोडी पातळ कर.
मावशी