अकरा मिनिटांचा पाणबुड्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, साप्ताहिकाच्या कचेरीतून निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घरी, टेबलाशी ताठ बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. अशा कागदात हे वाक्य रीत म्हणून घालतात. मी ते रागाने घालत आहे, कारण ताईला वेड लागले आहे असे माझे धाकटे बंधू गेले तीन आठवडे शहरभर सांगत फिरत आहेत. डॉक्टरीणबाईंनी मला तासभर तपासून दिलेला दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. असता तर बरे झाले असते, हे सगळे बावीस वर्षे आधी लिहून झाले असते. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही बंधूंना दिले होते. ते रद्द समजावे. मी ते फाडूनही टाकले आहे.

१. पत्रव्यवहार आणि टाइपरायटर.

‘नवल आणि धाडस’ हे आमच्या शनिवारच्या साप्ताहिकातले पान अठ्ठावीस वर्षे चालले. वर बंधूंचा फोटो, खाली बंधूंचे नाव, मधला मजकूर माझा. दोन धुराड्यांमध्ये बांधलेल्या दोरावर बसून अंडी तळून खाणारी बाई, सिंहाच्या पिंजऱ्यात गिऱ्हाइकाची दाढी करणारा न्हावी, दाढीत मधमाश्या वागवणारा पोस्टमास्तर, पिंपात बसून समुद्र ओलांडायला निघालेले आणि बंदराच्या भिंतीलाच अडकलेले दोघे साडू, असे लोक मी जगाच्या कानाकोपऱ्यातून शोधून काढले. चार भाषांत पत्रे लिहिली. एक पत्र त्या माणसाला, दुसरे त्याच्या शेजाऱ्याला, आणि दोघांचे जुळले तरच छापायचे, हा माझा नियम. न्हाव्याच्या शेजारणीने कळवले की सिंह म्हातारा आहे, त्याला दात नाहीत, आणि न्हावी त्याच्यापेक्षा सासूला जास्त भितो. मी ते तसेच छापले. वाचक खूश झाले, बंधू नाही.

“ताई, तू नवलातली हवाच काढून टाकतेस,” ते म्हणाले.

त्यांची स्वतःची भर म्हणजे मथळे, आणि मथळ्यापुढची तीन-तीन उद्गारचिन्हे.

आता या पत्रांचे ते स्वतःच्या नावाने संग्रहालय काढणार आहेत. माझ्या पलंगाखालच्या नऊ ट्रंका न्यायला त्यांनी टेम्पो पाठवला होता. तो मी रिकामा परत धाडला. नऊही ट्रंका सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात. कपाटावर कुणाचेही नाव घालू नये, माझेही नाही. टाइपरायटर आमच्या छापखान्यातल्या जुळाऱ्यांना द्यावा. हाताने खिळे जुळवण्यात त्या गृहस्थांचा जन्म गेला. हे यंत्र त्यांना कधीच आवडले नाही, तरी त्याला तेलपाणी तेच करत आले.

२. हे कलम मालमत्तेचे नाही. तरीही ते इथेच नोंदले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

बावीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी पानात एक चौकट रिकामी राहिली. एका गिर्यारोहक बाईंच्या शेजाऱ्याचे उत्तर आले नव्हते, म्हणून तो मजकूर मी अडवून धरला होता. बंधूंनी माझ्यादेखत, उभ्या उभ्या, दहा मिनिटांत चौकट भरली. दूरच्या बेटावरचा एक पाणबुड्या अकरा मिनिटे पाण्याखाली राहतो, आणि हे त्याला जमते श्वासाच्या एका युक्तीमुळे. युक्तीही सविस्तर दिली. मी ती इथे लिहिणार नाही. एकदा छापली गेली तेवढी पुरे.

“हा माणूस कुठला?” मी विचारले.

“असेल कुठेतरी. जग काय लहान आहे?”

मी प्रुफावर तांबड्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. त्यांनी ते खोडले. त्यानंतर त्याच प्रुफावर मी सही केली. आमचे सकाळपासून दुसऱ्याच कशावरून तरी वाजले होते आणि मला घरी जायचे होते. याहून मोठे कारण मला देता येत नाही.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, चौतिसाव्या वर्षी एक घररंगारी पोहण्याच्या तलावात ती युक्ती करायला उतरला. चांगला पोहणारा होता. तो वर आला नाही.

त्याची बायको आठव्या दिवशी कचेरीत आली. हातात कात्रण. मी टाइपरायटरपाशी बसले होते.

“या पाणबुड्याचा पत्ता द्या,” ती बंधूंना म्हणाली. “त्याला विचारायचंय, माझ्या नवऱ्याचं काय चुकलं.”

“बाई, तो फार लांब राहतो. त्याला आपली भाषा येत नाही.”

“मग तुम्ही लिहा. तुम्हाला येते ना त्याची?”

बंधूंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले, पत्र लिहिण्याचा शब्द दिला. ती जिना उतरली तसे ते माझ्याकडे वळले. “ताई, महिन्याभरानं त्याच्या नावानं चार ओळी पाठवून दे. म्हणावं, मोजण्यात चूक झाली असेल. तिचंही समाधान होईल.”

मी पाठवल्या. पाणबुड्याला मी एक म्हातारी आई दिली, त्याच्या बेटावर पाऊस पाडला, खाली वाकडीतिकडी सही ठोकली. जन्मभर दुसऱ्यांची पत्रे पारखली होती, त्यामुळे खोटे पत्र अगदी बेमालूम जमले. ‘तुमच्या पतींचे मोजण्यात चुकले असावे,’ हे वाक्य माझे आहे. वर्षभरात मी नोकरी सोडली. तोंड मात्र उघडले नाही.

३. दुरुस्ती.

यंदा बंधूंचा सत्कार ठरला. निमंत्रणासोबत त्यांच्या दहा निवडक नवलांची पुस्तिका आली. पहिल्याच पानावर पाणबुड्या, युक्तीसकट! मी फोन केला.

“ते पान काढून टाक.”

“ताई, ते लोकांचं सगळ्यात आवडतं आहे.”

“त्यात माणूस मेला आहे.”

“लोकांना अक्कल नको का? आणि आता कोणाच्या लक्षात आहे ते?”

मी फोन ठेवला आणि रंगाऱ्याच्या बायकोचे घर शोधले. ती शिवणकाम करते. यंत्राच्या वरच, भिंतीला, काचेच्या चौकटीत माझे पत्र. बावीस वर्षे ती त्याच्याखाली बसून शिवत होती. मी दारातच सगळे सांगून टाकले. पाणबुड्या नव्हता, बेट नव्हते, पत्र माझे. तिने पायाखालचे यंत्र थांबवले नाही. ती बाही पुरी झाली, तिने दोरा तोडला, आणि मग बोलली.

“मी मुलीला सांगत आले, तुझ्या बापाला धड मोजताही आलं नाही. रागानं सांगत आले. तुम्हाला कळतंय का, मी काय म्हणतेय?”

मी म्हणाले, मी दुरुस्ती लिहून ठेवते, माझ्या मागे ती छापली जाईल.

“तुमच्या मागे? म्हणजे तेव्हाही तुम्हाला तोंड दाखवायला नको. आत्ता छापा. दोघांची नावं घालून.”

जुळाऱ्यांनी त्याच संध्याकाळी खिळे जुळवले आणि पाचशे प्रती काढल्या. मजकूर असा: ‘दुरुस्ती. अकरा मिनिटांचा पाणबुड्या कधीच नव्हता. त्याची युक्ती खोटी आहे, ती करू नये, करणारा मरतो. एक घररंगारी मेला. त्याचे काहीही चुकले नव्हते.’ खाली बंधूंचे नाव आणि माझे.

सत्काराच्या दिवशी आम्ही दोघी सभागृहाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद दिला. बंधू गाडीतून उतरले. “ताई, काय हे? घरातलं भांडण चव्हाट्यावर?” रंगाऱ्याच्या बायकोने काचेतून काढलेले पत्र त्यांच्यापुढे धरले. “हे तुमचं. परत घ्या.” त्यांनी खिशातले हात बाहेर काढले नाहीत. तिने ते पायरीवर, त्यांच्या बुटांशी ठेवले. लोक वाचत उभे होते. सभागृह निम्मेच भरले. दुसऱ्या दिवशी बंधूंच्या मुलाने, माझ्या भाच्याने, निमूटपणे सगळ्या पुस्तिका परत मागवल्या. त्या दिवसापासून मी वेडी आहे.

४. बंधूंना माझ्या स्थावर-जंगम मिळकतीतले काहीही मिळू नये. त्यांनी वा त्यांच्या वारसांनी हक्क सांगितल्यास कोर्टात कलम दोन मोठ्याने वाचून दाखवावे. माझ्या अंत्ययात्रेला ते आले तर येऊ द्यावे, पण बोलू देऊ नये. त्यांना बोलता फार छान येते.

५. बँकेतील शिल्लक तलावावर जीवरक्षक नेमण्यासाठी द्यावी. आजही तिथे फक्त तिकीट फाडणारा बसतो.

६. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची बाल्कनी, मी रंगाऱ्याच्या बायकोला आणि तिच्या पश्चात तिच्या मुलीला देते. हे सांगायला गेले तेव्हा वाटले होते, ती दार लावून घेईल. ती आली, भिंती ठोकून पाहिल्या, शिवणयंत्राला उजेड कुठे पडेल ते विचारले, बाल्कनीचा पोपडा नखाने उचकटला आणि म्हणाली, “रंग कुणी दिला होता? चोरी केलीय कामात. घर घेते मी. माफी देत नाही. दोन्ही वेगळं लिहा.”

७. म्हणून वेगळे लिहीत आहे. कलम सहाप्रमाणे सदर बाईंनी घर स्वीकारले, यावरून त्यांनी मला माफ केले असा अर्थ कोणीही, कधीही, कोठेही काढू नये.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी जुळाऱ्यांना नेमते. वरील सर्व मजकूर मी दोनदा वाचला. तो खरा आहे. खालील दोघांसमक्ष सही केली.

सही: मृत्युपत्र करणारी, थोरली बहीण

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, दाखला देणाऱ्या (सही)
२. चष्मेवाले, तळमजल्यावरील दुकान (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी साडेदहा