कुठूनबी होते ते कॉलेज

६ सप्टेंबर
केमिस्ट्रीचा तास. बुद्धविहारात जाऊन बसली, घरी टीव्ही चालू राह्यते. सरांनी मोबाईलवर टायट्रेशन दाखवलं. ब्युरेटची काचनळी दिसली, सरांचा हात दिसला, रंग गुलाबी झाला म्हणे. माह्या स्क्रीनवर सगळंच मातकट. "दिसलं का सर्वांना?" सगळ्यांनी लिहिलं, यस सर. मीबी लिहिलं. खोटारडी!
बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, अन कोरोनापासून दीड वर्षात ब्युरेटले हात नाही लागला. वर्गात असती तर सर तोंड पाहूनच म्हणाले असते, शीतल, समजलं नाही ना, ये इकडे. इथं कोन पाह्यते तोंड.

११ सप्टें.
आई म्हणे, "बसूनच आहे न तू. कानात ते घाल अन चाल वावरात निंदाले." गेली. एका कानात ऑरगॅनिक, दुसऱ्या कानात आई. हजेरी लागली. शिकली काय? कप्पाळ.
यवतमाळचं होस्टेल आठवते. ढेकणं होती, वरण म्हणजे नुसतं पाणी. पण जेवण झालं की रूममेट पायल अन मी एकमेकींले शिकवत होतो. डोक्यात घुसलं नाही तर दोघी मिळून रडत होतो. आता एकटीच.

१९ सप्टें.
पाहुणे येऊन गेले मले पाहाले. राजूरचे. पोरगा कोळसा खाणीत परमनंट. त्याच्या आईनं विचारलं, "कॉलेज कोठी आहे?" बाबा म्हणाले, "आता मोबाईलवरच आहे जी."
"मंग तं बरंच झालं. आमच्या घरूनबी होते ते. रेंज मस्त आहे आमच्याकडं."
सगळे खुश. रेंज पाहून सोयरीक जुळली माही! अशी पोरगी जिल्ह्यात पहिलीच असन.
बाबांवर चिडताबी येत नाही. लोकं नावं ठेवत होते तेव्हा यायनंच मले होस्टेलले टाकलं होतं. तेच आता म्हणतात, "शिक्षण कोठी बंद होऊन राह्यलं, बेटा?" मुद्दा संपला.

२४ सप्टें.
घरात दिवसभर पायलचं उदाहरण. लॉकडाऊनमध्ये लग्न झालं तिचं, सासर पांढरकवड्याले. "पायल पाह्य, लग्न होऊनबी शिकून राह्यली." म्हणून फोन लावला तिले. एकदम हळू बोलत होती.
"मी जॉइन होतो अन फोन फ्रिजवर ठेवून देतो शीतल. पोया लाटाव्या लागतात. सरांनी नाव घेतलं की पिठाच्या हातानंच धावतो."
म्हणे, कॉलेज उघडलं तर ती कायमची घरी. सासरचे पाठवणार नाहीत, हजेरी नाही, परीक्षा नाही. रडली.

२ ऑक्टोबर
कॉलेज उघडून राह्यलं! २० तारखेले! अंगणात नाचली. आई म्हणे, येडी झाली का.
मग पायल आठवली. सरांले फोन केला. सर, लग्न झालेल्या पोरींसाठी ऑनलाइन चालू ठेवा न, नाहीतर त्यायचं वर्ष गेलं. सर म्हणाले, "चांगलं सुचवलंस. प्राचार्यांशी बोलतो." लय बरं वाटलं.

८ ऑक्टो.
ग्रुपवर मेसेज आला. ज्या विद्यार्थिनींना येणे शक्य नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन तासिका सुरू राहतील. बाबांनी माह्याच मोबाईलवर वाचला. "पाह्य, कॉलेजच म्हणून राह्यलं, घरून शिका." झालं. होस्टेल नाही. साक्षगंध ३१ ले, अंगठी घालून मोकळे होणार सगळे.
मीच सांगितलं न सरांले. मीच. पायलले वाचवाले गेली अन...
कोनाले सांगू हे? पायलले तर नाहीच सांगता येत. तिचा मेसेज आला, लय खुश आहे बिचारी.

२० ऑक्टो.
वर्ग भरला. सरांनी मोबाईल टेबलावर टेकवून ठेवला. मले दिसत होता फळ्याचा कोपरा, पंखा अन पहिल्या बेंचवरच्या पोरी. मधातच सगळ्या हसल्या, पोट धरून हसल्या. कायले हसल्या, ऐकू नाही आलं. मीबी हसून घेतलं. विहारात एकटी.
शेवटी सर म्हणाले, "ऑनलाइनवाल्यांनो, आता आम्ही लॅबमध्ये चाललो. तुम्हाला व्हिडिओ टाकतो." बंद.
एवढं परकं कधी वाटलं नव्हतं. कोरोनात सगळेच वर्गाबाहेर होते, आता मीच आहे.

२१ ऑक्टो.
बाबा ऑटो धूत होते. म्हटलं, "बाबा, हे कॉलेज नाही. मले काहीच येत नाही, फक्त हजेरी आहे माह्याकडं." त्यायनं फडका पिळला. मग म्हणाले, "पाहुण्यांले शब्द देऊन बसलो न मी." अन पुन्हा पुसत राह्यले.
काही खरं नाही आता, दिसतेच आहे. तरी लॅबचा एप्रन धुतला. आईनं पाह्यला दोरीवर.
सकाळी बाबांच्या ऑटोची पहिली फेरी बाभुळगाव स्टँडची राह्यते, तिथून यवतमाळची बस. उद्या बाबांच्या आधी मीच ऑटोत जाऊन बसणार. बाकी सवाऱ्यांसमोर. नाही न्यायचं तर मले हात धरून उतरवावं लागन त्यायले.