आपल्याकडे चेंडू असताना गप्प बसा

३ एप्रिल, सकाळ
आणि स्टेडियमवर माझ्याबरोबर कपडे धुणाऱ्या कोपेलबाईंचं तेच तुणतुणं. काल उत्तर दिलं होतं, परवाही दिलं होतं, तरी आज धुलाईच्या खोलीत पाय टाकताच पुन्हा सुरू. म्हणे, तुमचा हा कसला फुटबॉल, चेंडूला पाय लागतो कधी? पाच सेकंद धावता आणि मग घोळका करून मीटिंग भरवता. आमच्या पोलादाच्या कारखान्यात असं काम केलं असतं तर तो बंद पडला असता. मी म्हणालो, बाई, तो बंदच पडलाय. त्यावर हातातले मोजे टाकून निघून गेल्या. म्हणजे मी जिंकलो. सगळे मोजे मात्र मला एकट्याला धुवावे लागले.

मुद्दा असा की अमेरिकन फुटबॉल जर्मनीत चालणार. चालणार म्हणजे चालणारच. टीमच्या मालकांचं गणित सोपं आहे. आमच्या वेस्ट व्हर्जिनियात कोळसा, इथं डुइसबुर्गात कोळसा आणि पोलाद. खाणवाल्यांना खाणवाल्यांचा खेळ आवडणार. म्हणून अख्खी टीम उचलून इकडे आणली, ‘मायनर्स’ म्हणजे खाणवाले, या नावासकट. तिकडे मॅचला कुत्रं फिरकत नव्हतं, हा भाग वेगळा.

सीझन जमला तर मालक स्टेडियमशी पाच वर्षांचा करार करणार. मग माझी नोकरी पक्की. मग वर्नाताईला इकडे आणणार. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. गावात कोंबड्यांच्या कारखान्यात उभ्यानं कोंबड्या कापते, बर्फात हात घालून. बस्स झालं आता.

संकल्प : रोज दहा जर्मन शब्द. कोपेलबाईंशी वाद बंद.

४ एप्रिल
जर्मन शब्द : दोन. दोन्ही कोपेलबाईंनी मला उद्देशून वापरलेले.

१२ एप्रिल, रात्री
पहिली मॅच. हरलो. पण काय हरलो! असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. आमच्याकडे लोक मॅचला येऊन खातात. इथं गोलपोस्टमागचा अख्खा स्टँड सुरुवातीपासून शेवटपर्यंत गात होता. आमच्या टीमकडे चेंडू आला की तर छप्परच उडायचं. त्यांचा म्होरक्या म्हातारा कूलमान. पोलादाच्या भट्टीतून निवृत्त, इंग्रजी बंदरावर शिकलेलं. मैदानाकडे पाठ करून ढोल बडवतो आणि लोकांना गायला लावतो. मी विचारलं, आजोबा, मॅच कशी वाटली? म्हणाला, मी कुठं पाहिली! आम्ही छान गायलो ना?

आमची पोरं घाबरल्यासारखी सारखी चुकीच्या वेळी हलत होती, पंच सारखा दंडाचा पिवळा रुमाल फेकत होता. नवी जागा, दुसरं काय.

ताईला फोन केला. जिंकलात का, म्हणाली. मी म्हणालो, तो मुद्दा नाही. तू तिथं नक्की काय करतोस रे, म्हणाली. मी म्हणालो, कोचच्या अगदी जवळचं काम. खोटं नाही. त्यांच्या पँटी मीच धुतो.

२० एप्रिल
पुन्हा हरलो. जास्त फरकानं. पण आवाजही जास्त. कूलमाननं दुसरा ढोल आणलाय. तो मला वाजवायला दिला. आमचा कप्तान मैदानात कानावर हात ठेवून ओरडत होता. त्यालाही भरून आलं असावं.

कोपेलबाईंना म्हणालो, बघा, चालतोय की नाही खेळ? म्हणाल्या, चालतायत ती गाणी. उद्या मैदानात गाय उभी केलीत तरी ती माणसं गातील.

वाद घातला नाही. फक्त दार आपटलं.

२७ एप्रिल
कोच टॅकेटनी बोलावलं. वाटलं, बढती. दार लावून घेतलं आणि मला लहान पोराला समजवावं तसं समजवायला लागले. आपल्याकडे चेंडू असताना घरच्या लोकांनी काय करायचं असतं? मी म्हणालो, गप्प बसायचं. का? कप्तानाच्या खुणेच्या हाका पोरांना ऐकू याव्यात म्हणून. आणि समोरच्यांकडे चेंडू असताना? बोंबलायचं. मग, गाढवा, म्हणाले, इथं नेमकं उलटं होतंय आणि तू ढोल बडवतोयस?

हे मला ठाऊक होतंच. गावात शेंबडं पोरही हे जाणतं. पण एवढी माणसं आपल्यासाठी गात असताना नियम कुणाला आठवतो?

कोच म्हणाले, रोज त्या म्हाताऱ्याबरोबर बिअर ढोसतोस ना, मग तूच त्याला गप्प कर. दहा तारखेला मालक येतायत. ती एक मॅच बघून कराराचं ठरवणार.

म्हणजे सगळं माझ्या हातात आलं! योग्य माणसाकडे आलं.

ताईचा फोन. मुकादम आज तिला सगळ्यांदेखत बोलला. मी म्हणालो, फेक राजीनामा तोंडावर. हसली. मग म्हणाली, खरंच देऊ? बघ हं, घरात माझ्या एकटीचाच पगार आहे. मी म्हणालो, करार झाल्यातच जमा आहे.

२ मे
काम फत्ते. मात्र कूलमानला समजवायला चार बिअर लागल्या. मी म्हणालो, आमच्याकडे चेंडू असेल तेव्हा गप्प राहायचं. तो म्हणाला, पोरा, अर्धं गप्प राहता येत नाही. आमच्यात स्टँड गप्प राहतो तो पूर्ण मॅचभर, आणि ते काही साधंसुधं नसतं. तुम्हाला नक्की हवंय? मी म्हणालो, अगदी नक्की. त्यानं ग्लास खाली ठेवला. हळूच विचारलं, पगार नीट देतात का रे? मी म्हणालो, पगार काय आजोबा, तो कधी कुणाला पुरतो का? त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, कळलं. पुढं बोलू नकोस.

किती समजूतदार माणूस.

१० मे, रात्री
जिंकलो! सीझनमधला पहिला विजय, आणि तोही दणदणीत. स्टँड खच्चून भरलेला आणि एक शब्द नाही. कप्तानाची हाक पार वरच्या रांगेपर्यंत जात होती. पोरं घोड्यासारखी धावली.

मध्यंतराच्या जरा आधी सगळ्या स्टँडनं मैदानाकडे पाठ फिरवली. हे मी सांगितलं नव्हतं. मग एक लांबलचक फलक उघडला. कोपेलबाईंनी वाचून दाखवला : राबणाऱ्या पोरांचे पैसे द्या. मी म्हणालो, कुणाचे पैसे? म्हणाल्या, तुमचे. तुम्ही काय सांगून आलात त्यांना? इथं लोक मालकाचा निषेध करायचा असला की गप्प बसतात, हे तुम्हाला माहीत नाही?

मालक मध्यंतरालाच गेले. विमान असेल.

११ मे
पेपरात पहिल्या पानावर फोटो. मॅचचा नाही, पाठींचा. कूलमाननं मिठी मारली, म्हणाला, हटू नका, आम्ही आहोत. पगार वेळेवर मिळतो हे आता त्याला कुठल्या तोंडानं सांगू? पण प्रसिद्धी ती प्रसिद्धी. मालकांना हे पटेल.

१४ मे
नाही पटलं. सगळ्यांना बोलावून म्हणाले, जिथं माणसं पाठ फिरवतात तिथं धंदा करायचा नाही. टीम परत. उरलेला सीझन रद्द. गप्प बसायला मीच सांगितलं होतं, हे सांगायला हात वर केला. कोच माझ्याकडे बघत होते. हात डोक्यावरून फिरवून खाली घेतला.

संध्याकाळी ताईला सांगायला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, दिला राजीनामा! बायकांनी केक आणला होता. मुकादमाचं तोंड बघायला हवं होतंस. तिकडे थंडी फार असते का रे, जाड कोट घेऊ?

घे, म्हणालो.

१७ मे
आज सांगणार होतो. लाइन खराब होती.

१८ मे
लाइन चांगली होती.

२६ मे
टीम गेली. मी राहिलो. कामाचा परवाना डिसेंबरपर्यंत आहे आणि कोपेलबाईंनी इथल्या फुटबॉल क्लबकडे शब्द टाकला. पायानं खेळतात तो फुटबॉल. धुणं कमी, चिखल तेवढाच. बाई मला टोमणे मारत नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

काल सांगितलं ताईला.  तिनं विचारलं, जेवतोस का वेळेवर? कारखान्यात परत गेली होती. तिच्या जागेवर दुसरी उभी आहे, मुकादमानं यादीत शेवटी नाव घातलंय. घरमालक एक तारखेला येतो. मी म्हणालो, काळजी करू नकोस, भाड्याचं मी बघतो. पुढचं डोक्यात आहे, इथल्या पोरांना आपला खेळ शिकवायचा क्लास… ती म्हणाली, भाड्याचंच बघ.

बघितलं. नव्या क्लबचा पहिला पगार महिनाअखेरीनंतर आहे. खोलीचे दिले, उचल फेडली, कूलमाननं बिअरचे घेतले नाहीत. उरलेले सगळे ताईला पाठवतोय : पंचावन्न युरो.