एक माळ होईपर्यंत

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे जिना चढू देतात का, ते कळवावे. इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक. तुमचे भाऊ नेहमीप्रमाणे पेपरामागे आहेत. कागद पाठकोरा आहे म्हणून रागावू नये. आमच्या धाकटीच्या शिबिरात वाटून उरलेले कागद टाकवेनात. (पुढच्या बाजूला छापलंय, 'गटचर्चा घेणाऱ्याने कमी बोलावे'. पत्राला तो नियम लागू नाही.)

तर शिबिर असं. तरुण मुलामुलींना गटचर्चा कशी घ्यायची ते शिकवायला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चार दिवस एक प्रशिक्षक आले होते. चहाचं काम मी घेतलं, कारण बाहेरची माणसं साखर उधळतात. शेवटच्या दिवशी धाकटीने चर्चा नीट घेतली, तर तिला तीन महिने परगावी अशाच चर्चा घ्यायच्या कामाला धाडणार होते. तिनं जाऊ नये अशी माझी इच्छा. देवालाही सांगून ठेवलं होतं, पण त्याच्याकडे गर्दी फार.

पहिल्या दिवशी प्रशिक्षक 'नेत्याने ऐकावं' यावर बोलायला उभे राहिले. माझ्या हातात जपाची माळ होतीच. ते 'मी' म्हणाले की एक मणी ओढायचा, असं सहज सुरू केलं. (शिक्षण मॅट्रिकच, पण मोजण्यात हार जात नाही.) चहाच्या आधीच एकशेआठ भरले. आकडा मी त्यांना बिस्किटाबरोबर हळूच कळवला. माणूस भला, दुपारनंतर गप्प बसला, आणि मग मुलं बोलायला लागली.

शेवटच्या दिवशी विषय निघाला, घर सोडून कामाला जावं का. एक जण आजारी, वर्तुळातली खुर्ची रिकामी, म्हणून मला बसवलं. आयतीच संधी. मी जी सुरू झाले ती माझं लग्न, दोन्ही बाळंतपणं, तुमच्या भावांचा दमा, काही सोडलं नाही. चर्चा बुडाली की पोरगी घरी राहील, एवढंच डोक्यात. धाकटीने मला अडवलं नाही. घड्याळ पाहिलं, उठली, मी खिडकीत ठेवलेली जपाची माळ माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, एक माळ देवाचं नाव घे. तोवर बाकीचे बोलतील."

आता वन्सं, दूध उतू गेलं तरी मी माळ अर्धी सोडत नाही, हे तुम्ही जाणता. दातावर दात ठेवून बसले. तेवढ्यात चार दिवस तोंड न उघडलेली शिंप्याची मुलगी बोलली. "मला जायचंय. आई एकटी पडेल म्हणून सांगत नाही. तिनंही कधी विचारलं नाही."

नव्वदाव्या मण्याला माझं बोट अडलं. कशीबशी माळ पुरी केली. पाळी आली तेव्हा मला एकच सुचलं. धाकटीला विचारलं, तुला जायचंय का गं?

"हो," म्हणाली. "खूप."

तिची निवड झाली. घरी सांगितलं तर तुमच्या भावांनी चक्क पेपर खाली ठेवला.

तुमची,
भावजय

ता. क. परगाव म्हणजे तुमचंच गाव. तुमची आतली खोली रिकामी असते, असं मला आठवतं. सोमवारी ती निघेल.

ता. क. २. ती समोर बसून नुसती ऐकत राहते आणि माणूस पोटातलं सगळं ओकून बसतं. तेव्हा माझ्याविषयी बेतानं.

ता. क. ३. पत्र परत वाचलं. यात 'मी' किती वेळा आलं ते मोजणार होते, पण माळ तिच्या सामानात घातली आहे. तुमची चौकशी मात्र एका ओळीत आटोपली. गुडघ्यांचं आता सविस्तर लिहा. मी मध्ये बोलणार नाही.